आकडा सांगा, रूपही सांगा



गावच्या पाण्याच्या तपासणीचा कागद ग्रामपंचायतीत येतो तेव्हा आपल्यापैकी किती जण तो पूर्ण वाचतात? बहुतेकांची नजर शेवटच्या शिक्क्यावर जाते. 'पिण्यास योग्य' लिहिले असले की विषय संपला. मधल्या ओळी सरपंच वाचत नाही, ग्रामसेवक वाचत नाही आणि आपणही वाचत नाही. त्या ओळींत क्षार असतात, नायट्रेट असते, फ्लोराईड असते आणि कधी कधी आर्सेनिकही असते. आज मला त्या शेवटच्या ओळीबद्दल बोलायचे आहे.

आर्सेनिक हा शब्द परका, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते म्हणतील सोमल. उंदीर मारायला वापरत तो सोमल. वैद्याच्या पेटीतला पिवळा हरताळ आणि तांबडी मनशीळ हीदेखील त्याच कुळातली. पोथी लिहिताना अक्षर चुकले की त्यावर हरताळ लावून ते झाकत, म्हणून 'हरताळ फासणे' हा बोल आपल्या भाषेत आला. या तिन्हींत आर्सेनिक आहे. हरताळ विषारीच, पण तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. सोमल विरघळतो, म्हणून चिमूटभर सोमल माणसाचा जीव घेतो. मूलद्रव्य एकच, रूप बदलले की गुण बदलला. आपल्या आज्याला हे ठाऊक होते. तपासणीचा कागद मात्र तिन्हींना एकाच ओळीत बसवतो: 'आर्सेनिक, एकूण'.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. पाण्यात एखादी वस्तू किती आहे एवढे सांगून भागत नाही, ती कोणत्या रूपात आहे हेही सांगितले पाहिजे. आणि हे विचारण्याचा हक्क पाणी पिणाऱ्याचा आहे.

माती परीक्षणात आपण हेच शिकलो

ही गोष्ट शेतकऱ्याला नवी नाही. आपली काळी, चुनखडीची जमीन घ्या. तिच्यात एकूण स्फुरद काही कमी नसतो. पण तो चुन्याला असा बांधलेला असतो की पिकाच्या मुळाला त्यातला फार थोडा मिळतो. म्हणून माती परीक्षणाच्या कागदावर 'एकूण स्फुरद' न देता 'उपलब्ध स्फुरद' देतात. उद्या एखादा साहेब म्हणाला, "तुमच्या जमिनीत एकूण स्फुरद भरपूर आहे, खत कशाला टाकता?" तर आपण त्याला हसू. पाण्याच्या बाबतीत तोच साहेब तसाच आकडा देतो आणि आपण मान डोलावतो.

कापसाचेही तसेच. नुसते 'दहा क्विंटल कापूस' म्हटल्याने भाव ठरत नाही. धाग्याची लांबी, ओलावा, कवडी या सगळ्याचा हिशेब होतो. आपला माल घेताना जो इतके बारीक पाहतो, त्याने आपल्याला पाणी देतानाही तितकेच बारीक पाहावे.

नदीच्या पाण्यात कोणती रूपे असतात?

नदीत आणि विहिरीत मुख्यतः दोन रूपे आढळतात. एक आर्सेनेट, म्हणजे पाच संयुजेचे. दुसरे आर्सेनाइट, म्हणजे तीन संयुजेचे. हवा खेळत असलेल्या वाहत्या पाण्यात सहसा आर्सेनेट जास्त असते. हवा न पोचणाऱ्या पाण्यात, म्हणजे खोल विवरात, साचलेल्या डोहाच्या तळाशी किंवा कुजक्या गाळात, आर्सेनाइट वाढते. याखेरीज सूक्ष्म जिवाणू आणि शेवाळ आर्सेनिकला कार्बनचा तुकडा जोडून त्याचे मिथिल रूप करतात. अशी रूपे नैसर्गिक पाण्यातही असतात हे १९७३ साली दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी मोजून दाखवले. पुस्तकात यांना 'सेंद्रिय आर्सेनिक' म्हणतात. हा शब्द वाचून कुणी फसू नये. इथे सेंद्रिय म्हणजे कार्बन जोडलेले, एवढाच अर्थ.

यांतले आर्सेनाइट अधिक जहाल. मिथिल जोडलेली नेहमीची रूपे त्या मानाने सौम्य. पण म्हणून आर्सेनेट चालेल असे कुणी समजू नये. पोटात गेलेल्या आर्सेनेटचे शरीरच आर्सेनाइट करते. म्हणून वर्षानुवर्षे पिण्याच्या पाण्याला 'एकूण' आर्सेनिकची मर्यादा लावतात ती योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली ही मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम केली आणि आपल्या भारतीय मानकातही आज तीच आहे. हजार लिटरच्या टाकीत दहा मिलिग्रॅम, म्हणजे ज्वारीच्या एका दाण्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. एवढ्याशा वस्तूला शोधायचे, तिची रूपे वेगळी करायची, तर काम नाजूक आहे हे मान्य. नाजूक आहे म्हणून ते टाळायचे, हे मान्य नाही.

आपल्या नदीचे काय?

साप साप म्हणून भुई धोपटायची नाही, म्हणून आधी सरळ सांगतो. परभणी जिल्हा काळ्या पाषाणावर, दख्खनच्या बेसाल्टवर बसलेला आहे. आर्सेनिकचा मोठा प्रश्न आहे तो गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या गाळाच्या प्रदेशात. केंद्रीय जल आयोगाने मे २०१४ ते एप्रिल २०१८ या काळात देशभरच्या नद्यांतील धातू तपासले. ४४२ ठिकाणांपैकी २८७ ठिकाणी कोणता ना कोणता धातू मर्यादेबाहेर गेला होता. पण आर्सेनिक मर्यादेतच मिळाले. तेव्हा गोदावरी, पूर्णा, दुधना यांचे पाणी पिणाऱ्या माणसाने उद्यापासून झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

मग हा विषय कशाला? कारणे आहेत.

पहिले कारण, आपली नदी आता पूर्वीसारखी वाहत नाही. गोदावरीवर ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे उच्च पातळी बंधारे झाले. पाणी अडले हे चांगलेच झाले, ते आपल्याला हवेच होते. पण अडलेले पाणी उन्हाळ्यात महिनोन् महिने उभे राहते. वरच्या शहरांचे सांडपाणी त्यात उतरते, तळाशी कुजण सुरू होते, तळाची हवा संपते. हवा संपली की गाळातले लोहाचे गंजलेले कण विरघळू लागतात आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिक पाण्यात सुटते, तेही आर्सेनाइटच्या रूपात. हा रसायनाचा नियम आहे. तो बंगालच्या विवरांना लागू आहे तसा परभणीच्या डोहालाही लागू आहे. गाळात आर्सेनिक थोडे असेल तर थोडेच सुटेल. पण किती सुटते हे पाहायचे तर मे महिन्यात तळाचे पाणी घ्यावे लागेल. श्रावणातल्या भरल्या नदीची बाटली भरून वर्षाचा निकाल लावता येणार नाही.

दुसरे कारण शुद्धीकरणाच्या यंत्रांचे. गावोगाव आरओची यंत्रे बसली. फिल्टर विकणारा येतो, भीती घालतो आणि यंत्र टाकून जातो. त्याला एक प्रश्न विचारा. नेहमीच्या पाण्यात आर्सेनेटच्या कणावर ऋण भार असतो, आर्सेनाइटवर भारच नसतो. म्हणून आरओची चाळणी आर्सेनेट चांगले अडवते, आर्सेनाइट मात्र तिच्यातून बरेच निसटते. भार पकडणाऱ्या राळेच्या फिल्टरमधून तर आर्सेनाइट जवळपास सरळ निघून जाते. आधी क्लोरीन देऊन आर्सेनाइटचे आर्सेनेट करून घेतले तर काम सोपे होते. आपल्या पाणीपुरवठ्यातली ब्लीचिंग पावडर ते करू शकते, नुसती हवा दिल्याने ते फार हळू होते. उलट, क्लोरीनने आरओची नाजूक चाळणी खराब होते, म्हणून क्लोरीन आधी आणि ते काढून मग आरओ, असा क्रम लागतो. रूप माहीत नसताना लाखाचे यंत्र बसवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तिसरे कारण आपल्या अब्रूचे. नदी बिघडली की पहिले बोट शेतकऱ्याकडे वळते. खते यांनी टाकली, औषधे यांनी फवारली. खरे काय, खोटे काय, हे ठरवायला रूप उपयोगी पडते. अमेरिकेतला कापूस पाहा. १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून बोंडाचा सोंडकिडा टेक्सासमध्ये शिरला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यावर कॅल्शियम आर्सेनेटची भुकटी सुरू झाली आणि डीडीटी येईपर्यंत ती कपाशीवर पडत राहिली. नंतर मिथिल आर्सेनिकचे एमएसएमए नावाचे तणनाशक आले. २००९ साली तिथल्या पर्यावरण खात्याने त्याचे बहुतेक वापर बंद करण्याचे ठरवले, कपाशीला मात्र मुभा ठेवली. अशा जुन्या कपाशीच्या रानात पुढे भात लावला तेव्हा लोंब्या सरळ उभ्या राहू लागल्या, कारण त्यांत दाणाच भरत नव्हता. तिथल्या पाण्यात मिथिल रूप जास्त निघाले तर शेतातल्या तणनाशकाकडे पाहावे लागते. निव्वळ खडकातून आलेले आर्सेनिक सहसा त्या रूपात नसते. रूपावरून शंभर टक्के निकाल लागत नाही, कारण जमिनीत रूपे बदलत राहतात. तरी रूप म्हणजे विषाचा सातबारा. मूळ मालक कोण, फेरफार कुठे झाला, याचा माग त्यावरून निघतो. ज्याच्यावर आळ येतो त्याने सातबारा मागितलाच पाहिजे.

ज्वारीच्या बाजूने एक गोष्ट

रूपाचा हिशेब मांडला की कोरडवाहू शेतकऱ्याच्या बाजूचीही एक गोष्ट निघते. आर्सेनेट हा स्फुरदाचा जुळा भाऊ. मूळ ज्या वाटेने स्फुरद घेते त्याच वाटेने आर्सेनेट आत शिरते. पण हवा खेळणाऱ्या रानात आर्सेनेट लोहाच्या कणांना घट्ट धरून राहते, मुळापर्यंत फारसे पोचत नाही. भाताचे तसे नाही. पाण्यात उभ्या असलेल्या भाताच्या चिखलात हवा नसते, तिथे आर्सेनाइट सुटते आणि भात सिलिका घेतो त्या वाटेने ते ओढून घेतो. म्हणून सारख्याच जमिनीत आणि सारख्याच पाण्यावर भाताच्या दाण्यात आर्सेनिक अधिक उतरते. ज्या ज्वारीला शहराने गरिबाचे धान्य म्हणून ताटातून काढून टाकले, तिच्या बाजूने ही साक्ष नोंदवून ठेवावी.

मोजायचे कसे?

हे सारे प्रयोगशाळेतल्या साहेबांवर सोडून चालणार नाही, कारण निम्मे काम नदीच्या काठावरच होते. पाणी बाटलीत भरले, बाटली पिशवीत टाकली, पिशवी एसटीने जिल्ह्याला गेली, तिथे दोन दिवस टेबलावर पडली. तोवर त्यातले लोह गंजून तळाशी बसते, आर्सेनिकचा काही भाग त्याच्याबरोबर बसतो आणि आर्सेनाइटचे आर्सेनेट होऊन जाते. मग जगातले सर्वांत महाग यंत्र लावले तरी ते बाटलीतले रूप सांगेल, नदीतले नाही.

म्हणून पाणी काठावरच बारीक गाळणीतून गाळावे लागते. त्यात लगेच योग्य ते रसायन घालून, बाटली काठोकाठ भरून, अंधारात आणि थंडीत न्यावी लागते. याहून सोपी युक्ती म्हणजे काठावरच पाणी राळेच्या लहान नळीतून सोडणे. भार असलेले आर्सेनेट नळीत अडकते, भार नसलेले आर्सेनाइट पुढे बाटलीत उतरते. रूपे तिथेच वेगळी झाली. आता आम्ल घालून बाटली पाठवा, उशीर झाला तरी हिशेब बिघडत नाही. नळीतून गेलेल्या पाण्याचा आकडा आणि न गेलेल्या गाळीव पाण्याचा आकडा, दोन्ही मिळाले की वजाबाकी शाळेतले पोर करील. मिथिल रूपे नेमकी ओळखायची तर मात्र मोठे यंत्र लागते. त्यात आधी एका नळीतून रूपे एकामागून एक वेगळी होतात आणि मग प्रत्येकातले आर्सेनिक मोजले जाते. असे यंत्र प्रत्येक तालुक्याला द्या अशी मागणी मी करणार नाही. काठावर वेगळी केलेली बाटली यंत्रापर्यंत पोचवा, एवढेच पुरे.

"मराठवाड्यात आर्सेनिक नाही, मग हा खर्च कशाला?"

हा प्रश्न कुणी ना कुणी विचारणारच. त्याला दोन उत्तरे.

पहिले उत्तर बांगलादेशाचे. नदी-तळ्याचे पाणी पिऊन पोरे हगवणीने मरतात म्हणून तिथे लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू चांगला होता. बंगालच्या आपल्या बाजूला १९८३ सालीच कोलकात्याच्या डॉ. के. सी. साहा यांनी आर्सेनिकचे रोगी ओळखले होते. तरी १९९२ साली ब्रिटिश भूगर्भ संस्थेने बांगलादेशातल्या कूपनलिकांचे पाणी तपासले तेव्हा अनेक घटक मोजले, पण आर्सेनिक मोजले नाही. १९९३ साली तिथे ते सापडले. पुढे एका गावकऱ्याने त्या संस्थेवर दावा लावला. २००६ साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने निकाल दिला की त्या गावकऱ्याप्रती संस्थेची तशी जबाबदारी नव्हती. गरिबाने लक्षात ठेवावे असा हा निकाल आहे. जे विचारले नाही ते कागदावर येत नाही, आणि जे कागदावर नाही त्याची जबाबदारी कुणाचीच नसते. आणि आर्सेनिक फार दूरही नाही. गडचिरोलीला लागून असलेल्या तेव्हाच्या राजनांदगाव जिल्ह्यात, अंबागड चौकी भागातल्या कौडीकसा गावाकडे विहिरी-विवरांतले आर्सेनिक १९९९ साली शास्त्रज्ञांनी जगापुढे आणले. तिथे ते खडकातून आलेले आहे. आपला खडक वेगळा आहे हे खरे, पण 'इकडे असले काही नसते' हे वाक्य कौडीकसातही कुणी ना कुणी म्हटलेच असेल.

दुसरे उत्तर अधिक जवळचे. रूप विचारण्याची सवय लागली की ती आर्सेनिकपुरती राहत नाही. आपल्या विहिरींचा खरा रोजचा प्रश्न नायट्रेटचा आहे. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. पण काही प्रयोगशाळा आकडा 'नायट्रेट' म्हणून देतात आणि काही 'नायट्रेटमधला नायट्रोजन' म्हणून. कागदावर '२०' आले. ते नायट्रेट असेल तर पाणी मर्यादेत. पण ते नायट्रोजन असेल तर नायट्रेट ८८ झाले, मर्यादेच्या जवळपास दुप्पट. आकडा तोच, एका घरात बाळाला पाजायला हरकत नाही आणि दुसऱ्या घरात त्या पाण्यापासून बाळाला जपायला हवे. क्रोमियमचेही असेच, तीन संयुजेचे आणि सहा संयुजेचे यांत फार अंतर आहे. तेव्हा हा खर्च एकट्या आर्सेनिकचा धरू नका. कागद नीट लिहायला लावण्याचा तो खर्च आहे.

कुणी म्हणेल, शेतकऱ्याला यातले काय कळते? युरियातला नत्र आणि अमोनियम सल्फेटमधला नत्र यांचा फरक ज्याला कळतो, डीएपीच्या पोत्यावरचे १८ आणि ४६ जो वाचतो, त्याला पाण्याचा कागदही कळेल. तो त्याच्या भाषेत लिहा म्हणजे झाले.

जिल्हा बैठकीपुढे ठेवायच्या मागण्या

१. पाण्याच्या प्रत्येक अहवालावर नमुन्याची जागा, तारीख, खोली, पाणी गाळलेले की न गाळलेले, आणि आकडा कोणत्या रूपाचा, हे लिहिलेच पाहिजे. 'आढळले नाही' असे लिहायचे असेल तर यंत्राला कमीत कमी किती दिसते तेही लिहावे.

२. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांवरील ज्या बंधाऱ्यांतून गावांना पाणी जाते, तिथले पाणी पावसाळ्यात एकदा आणि भर उन्हाळ्यात एकदा तपासावे. उन्हाळ्यात तळाचा नमुना वेगळा घ्यावा आणि आर्सेनिकची रूपे काठावरच वेगळी करावीत.

३. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा व परभणीचे आपले कृषी विद्यापीठ यांनी मिळून हे काम अंगावर घ्यावे. गावातली शिकलेली मुले-मुली नमुने घ्यायला तयार करावीत.

४. सार्वजनिक पैशातून शुद्धीकरणाचे कोणतेही यंत्र घेण्यापूर्वी पाण्यातले घटक आणि त्यांची रूपे ग्रामसभेला सांगावीत. यंत्र बसल्यावर बाहेर पडणारे पाणीही तपासून दाखवावे.

५. अहवाल मराठीत असावा आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवावा.

यातली पहिली आणि पाचवी मागणी पुरी करायला सरकारला एक पैसाही लागत नाही. ती पुढच्या महिन्यापासून सुरू होऊ शकते. बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावच्या पाण्याच्या शेवटच्या अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीतून मागून आणावी. तो मिळाला नाही तर कोणत्या तारखेला मागितला आणि काय उत्तर मिळाले ते लिहून आणावे. दोन्ही प्रकारचे कागद आपल्या कामाचे आहेत.